शून्याला उलटं काय, सुलटं काय

"झालं का गं चालू?"

"झालं."

"मग काय करतोय आता?"

"काहीच नाही."

"म्हणजे बिघडलाय."

"नाही रे. 'काही करू नकोस' असंच त्याला सांगितलंय. तेच तो मनापासून करतोय."

नवऱ्याने टेबलावरच्या, मी घरी बांधत असलेल्या छोट्या कॉम्प्युटरच्या बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि जास्त खोलात न शिरता तो झोपायला गेला. मी मात्र बराच वेळ त्या लुकलुकणाऱ्या दिव्यांसमोर बसून राहिले. तीन महिने आराखडा काढण्यात गेले होते, दोन शनिवार-रविवार सोल्डरिंगमध्ये, आणि आता बोर्ड पहिल्या झटक्यात पास झाला होता. पहिल्या झटक्यात पास होणाऱ्या गोष्टींकडे जरा संशयाने बघावं, हे वयानुसार मला कळायला हवं होतं.

ही परीक्षा काय असते ते सांगते. माझ्या बोर्डावरचा प्रोसेसर झेड८०, आठ बिटांचा. रीसेट केला की तो शून्य पत्त्यावर जातो, तिथे लिहिलेलं वाचतो, सांगितलेलं काम करतो आणि पुढच्या पत्त्यावर जातो. त्याच्या भाषेत ०० चा अर्थ 'काही करू नकोस, पुढे चल'. तेव्हा मेमरीची दोन्ही सॉकेटं रिकामी ठेवायची आणि डेटाच्या आठही लाइनी एकेका रेझिस्टरने ग्राउंडला बांधून टाकायच्या. आता तो कुठल्याही पत्त्यावर जाऊन काहीही विचारो, उत्तर शून्यच. बिचारा ० पासून ६५,५३५ पर्यंत चालत जातो आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो. पत्त्याच्या सोळा लाइनींवर सोळा दिवे लावले की त्याची चाल डोळ्यांना दिसते. प्रत्येक दिवा आपल्या उजवीकडच्या दिव्याच्या निम्म्या वेगाने लुकलुकतो. प्रोग्रॅम नको, मेमरी नको. वीज, घड्याळ, रीसेट आणि पत्त्याच्या लाइनी ठीक असल्या की पास.

घड्याळ म्हणून मी ५५५ नावाची टायमर चिप लावून सेकंदाला साधारण हजार ठोके ठेवले होते. 'काही करू नकोस' एवढं वाचून पाळायला झेड८०ला चार ठोके लागतात. म्हणजे सगळे पत्ते फिरून यायला २,६२,१४४ ठोके, चार मिनिटं बावीस सेकंद. सगळ्यात डावीकडचा दिवा, ए१५, त्यातली पहिली दोन मिनिटं अकरा सेकंद अंधारातच असतो. मी वेळ मोजत वाट बघत होते. बरोब्बर पेटला. पण पेटला तो मंद. नीट पाहिलं तर ए० ते ए६ हे सात दिवे लख्ख लुकलुकत होते आणि ए७ पासून डावीकडचे नऊच्या नऊ फिकट. मी ए१५चा दिवा काढून दुसरा लावला. तोही फिकट. रेझिस्टर मोजला, ठीक होता. मग मॅन्युअल उघडलं आणि स्वतःशीच हसले.

जुन्या काळच्या स्वस्त मेमरीत, डायनॅमिक रॅममध्ये, प्रत्येक बिट म्हणजे विजेचा एक इवलासा साठा असतो आणि तो सतत झिरपतो. दर काही मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरावा लागतो, नाहीतर मेमरी सगळं विसरते. इतर प्रोसेसरांसोबत हे काम करायला वेगळं सर्किट लागायचं. झेड८० बनवणाऱ्यांनी ते प्रोसेसरच्या अंगातच बसवलं. प्रत्येक सूचना वाचून झाली की उरलेल्या दोन ठोक्यांत तो खालच्या सात लाइनींवर एक मोजणीचा आकडा ठेवतो, 'या ओळीला पाणी घाला' असं सांगतो आणि आपल्या कामाला लागतो. त्या दोन ठोक्यांत वरच्या लाइनी रीसेटनंतर शून्यावर असतात. म्हणून वरचे दिवे निम्मा वेळ विझलेले आणि आपल्या डोळ्याला फिकट. माझ्या बोर्डावर स्टॅटिक रॅम आहे, तिला असलं काहीच लागत नाही. तरी हा आपला दर सूचनेमागे पाणी घालतोच आहे. त्याला ते बंद करता येत नाही. माझ्या ओळखीची दोन-तीन माणसं आठवली मला त्या वेळी. नावं कशाला घ्या.

हा प्रोसेसर १९७६चा. फेडेरिको फॅजिन हे इंटेलच्या ४००४ आणि ८०८० या प्रोसेसरांमागचे गृहस्थ. त्यांनी इंटेल सोडून झायलॉग ही कंपनी काढली आणि तिथे हा घडवला. ८०८०साठी लिहिलेले प्रोग्रॅम यावर चालायचे, आणि ८०८०ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागायचे तिथे याचं नुसत्या पाच व्होल्टवर भागायचं. टीआरएस-८०, झेडएक्स स्पेक्ट्रम हे त्या काळचे घरगुती कॉम्प्युटर, ही सगळी याचीच पिलावळ. ४० पायांच्या त्याच जुन्या रूपातला हा प्रोसेसर झायलॉगने २०२४मध्ये बंद करेपर्यंत नवा कोरा मिळत होता. बंद होणार असं वाचलं आणि इतकी वर्षं 'कधीतरी करू' म्हणून बाजूला ठेवलेलं हे काम मी हातात घेतलं.

का, असं लोक विचारतात, तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर सांगते. खरं कारण असं की दिवसभर मी ज्या कॉम्प्युटरवर काम करते त्याच्या आत काय चालतं हे मला माहीत नाही, आणि उरलेल्या आयुष्यात ते पूर्ण कळण्याची शक्यताही नाही. झेड८०मध्ये साडेआठ हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर आहेत. चाळीस पाय, आणि एकेका पायाचं काम एका ओळीत सांगता येतं. हे सगळं एका माणसाच्या डोक्यात मावतं. माझ्याही मावेल असं वाटलं.

सोल्डरिंगबद्दल फार लिहीत नाही, कारण ते हातानेच शिकायचं असतं. आधी बुटके भाग, मग उंच. रेझिस्टर, मग सॉकेटं, मग प्रत्येक चिपच्या शेजारी तिचा तो शंभर नॅनोफॅरडचा चिमुकला कपॅसिटर. नव्या चिपचे पाय जरा फाकलेले असतात, ते टेबलावर टेकवून आत वळवावे लागतात. घाई केली की एखादा पाय सॉकेटात न जाता चिपच्या पोटाखाली दुमडतो आणि वरून सगळं छान दिसत राहतं. चिपा घालायच्या आधी रिकाम्या बोर्डाला वीज द्यायची आणि प्रत्येक सॉकेटात पाच व्होल्ट जिथे हवेत तिथेच आहेत ना ते मल्टिमीटरने बघायचं. साध्या चिपांना ग्राउंड आणि वीज समोरासमोरच्या कोपऱ्यांत असते. झेड८०ला वीज ११ नंबरच्या पायावर, ऐन डेटाच्या लाइनींच्या मधोमध. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी मी मेमरी बसवली आणि पहिला प्रोग्रॅम लिहिला. प्रोग्रॅम कसला, तीन बाइट: सी३ ०० ००. (हे आकडे दहाऐवजी सोळाच्या मोजणीतले, नऊनंतर ए ते एफ.) 'शून्य पत्त्यावर उडी मार.' तिथे पोचला की पुन्हा तीच सूचना, पुन्हा उडी. बाकी ईईप्रॉम, म्हणजे प्रोग्रॅम कायम धरून ठेवणारी मेमरी, कोरी, म्हणजे सगळीकडे एफएफ. घड्याळाच्या जागी बटण लावलं. माझा झेड८० नंतरच्या सीमॉस प्रकारातला आहे, घड्याळ थांबवलं तरी तो आपल्या जागी शांत उभा राहतो. बटण एकदा दाबलं की एक ठोका. चहा थंड झाला तरी काही विसरत नाही.

काय दिसायला हवं ते कागदावर मांडलं होतं. शून्यावर चार ठोके, सगळे दिवे विझलेले. मग एक नंबरच्या पत्त्यावर तीन, दोनवर तीन, आणि पुन्हा शून्य. दहा ठोक्यांची फेरी. दिसलं असं: शून्यावर चार, एकवर चार, दोनवर चार, मग तीन. तीनवर जायचं काही कारणच नव्हतं. तिथून तो रॅममध्ये कुठेतरी जाऊन दोनदा काहीतरी लिहून आला, आणि मग पत्त्यावर तीन दिवे शेजारी-शेजारी पेटले: ००३८. ज्याने कुणी झेड८०चा बोर्ड बांधलाय त्याला हा पत्ता ओळखीचा असतो. एफएफ म्हणजे 'परतीचा पत्ता स्टॅकवर, म्हणजे रॅममधल्या राखीव जागेत, लिही आणि ००३८ला जा'. ००३८लाही एफएफ. तिथून पुन्हा ००३८. अकरा ठोक्यांची एक फेरी, आणि प्रत्येक फेरीत स्टॅक दोन घरं खाली. वाट चुकलेले सगळे झेड८० शेवटी इथेच सापडतात.

वाट चुकला हे दिसत होतं. का चुकला, ते नाही. शून्य पत्त्यावर असताना डेटाच्या आठ हिरव्या दिव्यांकडे (डावीकडून डी७ ते डी०) पाहिलं: ११००००११. सी३. अगदी बरोबर. ईईप्रॉम बरोबर तेच सांगत होती आणि प्रोसेसर ऐकून न ऐकल्यासारखा पुढे जात होता. आणखी एक गोष्ट खटकली. एम१ नावाचा एक पाय असतो. प्रोसेसर नवी सूचना वाचत असला की तो खाली जातो, त्यावरही मी दिवा ठेवला होता. उडीच्या सूचनेत पुढचे दोन बाइट म्हणजे पत्ता, ते वाचताना एम१चा दिवा लागायला नको. इथे एकवरही लागला, दोनवरही लागला. म्हणजे प्रोसेसरच्या मते ती नवीन सूचना होती. आणि आदली सूचना उडीची नव्हतीच.

मग मी करू नये ते सगळं केलं. प्रोसेसर बदलला. ईईप्रॉम बदलली. सगळे जोड पुन्हा गरम केले. रीसेट पुरेसा वेळ दाबला जात नसेल म्हणून तो दहा सेकंद धरून बसले. त्याला खरं तर तीनच ठोके पुरतात. बटण उसळी मारून एकाऐवजी दोन ठोके देत असेल म्हणून ती उसळी गाळणारी श्मिट ट्रिगरची चिप तपासली. संशय असा सगळीकडे फिरला, फक्त कालच्या परीक्षेकडे गेला नाही. ती पास झालेली होती ना.

रात्री अकराच्या सुमारास, दुसरं काही सुचेना म्हणून, मी वही घेऊन प्रत्येक ठोक्याला सगळे दिवे लिहून काढायला बसले. पत्ता, डेटा, एम१, रीड, राइट. कंटाळवाणं काम. शून्य, एक, दोन यांचे बारा ठोके झाले. तीनवर एफएफ वाचलं. आता तो परतीचा पत्ता लिहिणार, तीनच्या पुढचा, म्हणजे ०००४. आधी वरचा बाइट: ००. डेटाचे सगळे दिवे विझलेले, ठीक. मग खालचा बाइट: ०४. उजवीकडून तिसरा दिवा पेटायला हवा.

पेटला तो सगळ्यात डावीकडचा.

मी आधी वहीत '०४' लिहूनही टाकलं होतं. हात पुढे निघून गेला होता, डोळे मागे राहिले होते. मग थांबले. बोट बटणावरून काढलं, जणू ते चुकून दाबलं जाईल आणि पुरावा पळून जाईल. तो तर पळणार नव्हता, पण त्या क्षणी तसं वाटलं खरं. चाराऐवजी एकशे अठ्ठावीस. डी२चा बिट डी७च्या दिव्यावर.

पुढे ढकललं तर काय झालं असतं तेही बघितलं. ००३८च्या फेरीत तो ००३९ लिहितो. ३९ मध्ये डी२ शून्य आणि डी७ही शून्य, अदलाबदल झाली तरी ३९च दिसतं. एफएफ उलटसुलट केलं तरी एफएफ. म्हणजे ही चूक रीसेटनंतर एकदाच, जेमतेम तीन ठोक्यांपुरती तोंड दाखवत होती, आणि मग कायमची गप्प. वहीत पहिल्या एम१पासून मोजलं, बाविसावा ठोका. मी आधीच्या चार-पाच वेळा तिथून भराभर बटण दाबत गेले होते, 'हे ठीकच असणार' म्हणत.

आता सी३कडे परत. ११००००११. यातला डी७ घ्या आणि डी२शी बदला: ०१०००१११. म्हणजे ४७. झेड८०च्या पुस्तकात ४७ म्हणजे 'ए या खणातलं बी या खणात ठेव'. एका बाइटची निरुपद्रवी सूचना, चार ठोके. ती पाळून तो शहाण्यासारखा पुढच्या पत्त्यावर गेला, तिथे ००, 'काही करू नकोस', पुढे पुन्हा ००. आज्ञाभंग कुठेच झाला नव्हता. मी सी३ पाठवत होते, त्याला ४७ पोचत होतं. आणि माझे दिवे माझ्या बाजूने वाचत होते.

चूक सापडायला मग दोन मिनिटं लागली. झेड८०च्या डेटाच्या लाइनी पायांवर ओळीने नाहीत. डी० पासून डी७ पर्यंत पाय शोधत गेलं तर १४, १५, १२, ८, ७, ९, १०, १३ असे सापडतात, मध्येच ११ वर वीज. आराखडा काढायच्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत झेड८०चं तयार चिन्ह होतं. पण मला त्यातली पायांची मांडणी आवडली नाही, म्हणून मी स्वतःचं सुबक चिन्ह काढलं. त्यात डी२ला १३ आणि डी७ला १२ नंबर दिला. पुढे सॉफ्टवेअरने आराखडा तपासला, चूक नाही. बोर्ड आणि आराखडा जुळतात का ते तपासलं, शंभर टक्के जुळतात. मल्टिमीटरने मी प्रत्येक लाइन बीप करून तपासली होती, आराखडा समोर ठेवून. सगळे साक्षीदार एकाच खोट्या कागदावरून बोलत होते. दिव्यांची नावंसुद्धा त्याच कागदातली.

आणि पहिली परीक्षा? आठ शून्यं. त्यातली दुसरी आणि सातवी बदला, सगळी बदला, टोपलीत घालून हलवा आणि पुन्हा मांडा. शून्याला उलटं काय, सुलटं काय. ज्या परीक्षेत डेटाच्या लाइनींना काही विचारलंच नव्हतं तिच्यात त्या पास झाल्या म्हणून मी रात्रभर खुश होते.

मला त्याहून मजेशीर वाटली ती रॅम. डी२ आणि डी७ची अदलाबदल रॅमला कळतच नाही. लिहिताना बिट जिथे गेला तिथूनच वाचताना परत येतो, हिशेब आपोआप मिटतो. पत्त्याच्या लाइनी अदलाबदल केल्या तरी तेच. अनेकजण तर बोर्डावर तारा सोप्या पडाव्यात म्हणून रॅमच्या लाइनी मुद्दाम हव्या तशा जोडतात आणि त्यात काही गैर नसतं. ईईप्रॉमचं तसं नाही. तिच्यात लिहिलं जातं दुसरीकडे, दुसऱ्या यंत्रावर, आणि वाचलं जातं इथे. लिहिणारा आणि वाचणारा वेगळा असला की क्रम ठरवून घ्यावा लागतो.

मोह झालाच. चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून ईईप्रॉममध्ये भरायच्या प्रत्येक बाइटचे ते दोन बिट आधीच बदलून ठेवायचे. सी३च्या जागी ४७ भरायचं, प्रोसेसरला सी३ मिळेल. रात्री साडेबाराला मी ते केलंसुद्धा, आणि बोर्ड चालला. पण उद्या त्याच लाइनींवर सिरियल पोर्टची चिप बसणार. तिलाही उलटं बोलायला लागणार, तिच्याकडून आलेलं सुलटं करून घ्यावं लागणार. एक चूक सांभाळायला मी आयुष्यभर दुभाषी ठेवणार होते. झोपले.

सकाळी बोर्ड उलटा केला. सॉकेटाच्या १२ आणि १३ नंबरच्या पायांकडे येणाऱ्या तांब्याच्या दोन रेषा, केसाएवढ्या. कटरने प्रत्येक रेषेला दोन छेद दिले आणि मधला तुकडा टोकाने उचकटून काढला. हिरवा थर खरवडताना खाली तांबं चमकतं, तिथे हात हलका ठेवावा लागतो, शेजारच्या रेषेवर पातं घसरलं की संपलं. मल्टिमीटर लावला, बीप नाही. मग ३० गेजच्या दोन निळ्या तारा, एकमेकींना फुलीसारख्या ओलांडून. पहिल्या तारेचं टोक तीनदा निसटलं. फ्लक्स लावल्यावर चौथ्यांदा बसलं. दिसायला अतिशय ओंगळ काम झालंय. एवढा देखणा आराखडा काढला होता, आणि आता बोर्डाच्या पाठीवर टाके घातल्यासारखी ती निळी फुली.

चिन्ह दुरुस्त केलं, बरं का. स्वतःचं काढून टाकलं आणि लायब्ररीतलं घेतलं. त्याची मांडणी अजूनही मला आवडत नाही. बोर्ड मात्र मी एकदम पाच करून घेतले होते. उरलेल्या चारांवर जाड पेनाने 'डी२-डी७' लिहून ठेवलंय.

ईईप्रॉममध्ये पुन्हा साधे सरळ तीन बाइट भरले. बटण. शून्यावर चार ठोके, अंधार. एकवर तीन, आणि एम१चा दिवा विझलेला. दोनवर तीन, एम१ विझलेला. नवरा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा होता, त्याने विचारलं, "आज काय करतोय?"

"थांब," मी म्हटलं आणि अकराव्यांदा बटण दाबलं.

पत्त्याचे सोळाही दिवे विझले.

"गेला?"

"आला," मी म्हटलं.